तोंड नको, दंड दाखवा

देवी डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे कधीच बघत नसत, दंडाकडे बघत. रस्त्यात गाठ पडली की राम राम नाही, कसं काय नाही, एकदम "दंड दाखवा!" आपण मुकाट्याने बाही वर करायची. लहानपणी देवी टोचल्याचे वण ते अंगठ्याने चाचपणार आणि म्हणणार, "हां, म्हणजे तुमची काळजी नाही." मग पुढचं बोलणं.

एकदा चाकणच्या बाजारात कांद्याच्या पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी असंच दरडावलं, "आजोबा, दंड काढा!" म्हातारा धडपडत उठला आणि कनवटीला हात घालत म्हणाला, "कशाचा दंड, सायेब? म्हस कोंडवाड्यात घातली काय माझी?" अख्खा बाजार हसला. हे हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याच्या बंडीची बाही वर सारली, वण बघितले आणि चालू लागले.

त्यांचं खरं नाव काशिनाथराव. डॉक्टर वगैरे काही नव्हते, सरकारी लस टोचणारे होते. पण देवी टोचणाऱ्याला त्या काळी सगळे देवी डॉक्टरच म्हणत. आळीच्या तोंडाशी त्यांची सायकल दिसली की "आला गं बया टोच्या!" अशी हाकाटी व्हायची आणि पोरं उतरंडीमागे दडायची.

मी तेव्हा तंबूच्या सिनेमा कंपनीत होतो. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर जाहिराती दाखवत, विडीच्या, चहाच्या, दंतमंजनाच्या. त्या जाहिराती काचेवर रंगवायचं काम माझं. आपल्या तोंडाने सांगू नये, पण माझ्या दंतमंजनाच्या बाईला नायिकेपेक्षा जास्त शिट्ट्या पडत. कंपनीचा मुक्काम चाकणला पडला आणि मला खोली मिळाली ती नेमकी देवी डॉक्टरांच्या शेजारी.

एकटा जीव. लग्न नाही, बिऱ्हाड नाही. दाढी करत ती आरशाशिवाय, अंदाजपंचे, त्यामुळे डाव्या कानाखाली रोज केसांचा एक पट्टा राहायचा. एकदा मी माझा आरसा पुढे केला तर म्हणाले, "नको. त्यात काय नवीन दिसणारे?" त्यांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता, हे सांगायचं राहिलंच. पण तसे चेहरे तेव्हा गावोगाव असत, मला त्याचं विशेष वाटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात खेडकडे देवीची साथ आल्याची आवई उठली. आमच्या मालकांना एकाएकी लोकसेवेचा उमाळा आला. "देवी टोचून घ्या, अशी काच कर. फुकट दाखवू," ते म्हणाले, "आणि वर अण्णासाहेबांचं तोंड काढ, ठसठशीत."

अण्णासाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. निवडणूक तोंडावर आलेली, आणि तंबू ठोकायचा परवाना त्यांच्या शब्दावर. म्हणजे हिशेब सरळ होता. पण देवी डॉक्टरांना कळलं आणि ते सायकलीवरून थेट तंबूत आले.

"अण्णासाहेबांचं तोंड कशाला? त्यांनी लस शोधली?"

"अहो, पुढाऱ्याने सांगितलं की लोक ऐकतात," मालक म्हणाले.

"त्यांचं ऐकणारे ऐकतील. न ऐकणाऱ्यांच्या पोरांचं काय? देवी काय पक्ष विचारून येते?"

मला दोघांचंही पटलं. पण पगार मालक देत होते, म्हणून मी अण्णासाहेब काढले. डोक्यावर चार केस जास्तच दिले.

काच पडद्यावर झळकल्यावर पुढे काय होतं याची मला भारी उत्सुकता होती, म्हणून एक दिवस देवी डॉक्टरांबरोबर मीही हिंडलो. ओढ्यापलीकडची आळी अण्णासाहेबांच्या विरोधातली. तिथे पटापट दारं लागली. आतून आवाज आला, "अण्णासायबाची सुई हाय न्हवं? मग त्याच्याच पोरास्नी टोचा!" आता अलीकडची आळी तर अण्णासाहेबांची माणसं. तिथे ओट्यावर पाट, रांगोळी, हातात हार घेतलेले कारभारी! देवी डॉक्टरांनी पेटी उघडली तर कारभारी म्हणाले, "जरा दम धरा. सायेब कवा येनार टोचायला?"

"कोण साहेब?"

"अण्णासायेब. पडद्यावर व्हते की! त्यांच्या हातानं टोचायचं ठरलंय आमचं. तुमी ऱ्हाऊ द्या."

अण्णासाहेब पुण्याला सभा घेत हिंडत होते. दिवसभरात सात पोरं टोचून झाली. देवी डॉक्टर माझ्या उंबऱ्यावर मटकन बसले. "दोन्ही आळ्या मिळून दीडशे पोरं आहेत हो उघडी, बिनटोचलेली," ते म्हणाले, "साथ एका बैलगाडीवर बसून येईल." मला माझ्या ब्रशाची लाज वाटली.

मग ते म्हणाले, "कोरी काच आहे?"

"कुणाला काढू?"

"मला."

मी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं. माणूस असा अवघडला की जणू त्यालाच कुणी टोचतंय. मी काढलं झकास, आणि भिडेखातर गाल तेवढे साफ ठेवले. काच त्यांच्या हातात दिली. ते बघतच राहिले. बघता बघता डोळे लाल झाले. मला वाटलं, चिडले.

"वण कुठायत?"

"म्हटलं, जरा सौम्य…"

"दंतमंजनाची बाई काढताय काय? वण घाला. सगळे घाला. तीच तर जाहिरात आहे."

मी वण घातले. खाली लिहिलं: 'मला टोचली नव्हती. तुमच्या पोरांना टोचून घ्या.' अण्णासाहेबांची काच त्याच संध्याकाळी माझ्या हातून फुटली. आपोआप फुटली, असं मी मालकांना सांगितलं.

पहिल्या खेळाला देवी डॉक्टर मागच्या खांबाला टेकून उभे होते. पडद्यावर तो चेहरा आला, दहा हात उंच. आधी एक बाई ओरडली, "अगं बया, ह्यो तर आपला टोच्या!" थोडे हसले. मग कुणीतरी खालची अक्षरं मोठ्याने वाचली आणि हसणं थांबलं. माझ्या पुढ्यातल्या बाईने मांडीवरच्या पोराचा गाल चाचपून बघितला.

सकाळी पिंपळाखाली रांग. ओढ्याच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी, पण रांग एकच! ज्या घरातून काल सुईचा उद्धार झाला होता तिथली म्हातारी चार नातवंडं घेऊन आली होती. मी विचारलं, "आजी, आज कशा काय?"

"ह्या बाबाला काय मतं मागायची न्हाईत आमच्याकडं," ती म्हणाली.

आठवड्यात दोन्ही आळ्या टोचून झाल्या. पण देवी डॉक्टर रोज तिकीट काढून तंबूत यायचे, आपली काच होईपर्यंत उभे राहायचे आणि सिनेमा सुरू व्हायच्या आत निघून जायचे. एकदा मी डिवचलं, "काय हो, स्वतःच्याच तोंडावर भाळलात की काय?"

ते पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे सरळ बघत बोलले. "मी आठ वर्षांचा होतो. आईला आणि मला एकदमच देवी आल्या. मी राहिलो. तिचा फोटो नाही. तिचं तोंड मी विसरलो होतो हो. तुम्ही त्या दिवशी वणांशिवायचं काढलंत ना, ती आईच होती. आता रोज वणांखालून दिसते."

इतक्या वर्षांत ह्या माणसाने आरशात बघितलं असतं तर!

कंपनीचा मुक्काम हलायची वेळ आली. काच मालक देईनात, पुढच्या गावांना लागणार होती. मग मी निघायच्या आदल्या दिवशी माझा आरसा त्यांच्या खिडकीत ठेवून आलो.

सकाळी आम्ही सामान ट्रकवर चढवत होतो तेव्हा ते सायकल हातात धरून आले. कानाखालचा पट्टा नव्हता, दाढी गुळगुळीत. मी सवयीने बाही वर केली.

त्यांनी ती हलकेच खाली ओढली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "राम राम."