कुमुदताई कौतुक करत नाहीत

कुमुदताई दामल्यांच्या टेनिस टीममधली एखादी मुलगी फार चांगली खेळली, की ताई पर्समधून काळा मार्कर काढतात आणि तिच्या बुटाच्या टाचेवर एक ठिपका देतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट. आमच्या डब्लिनमधल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमधल्या, मुलींना दृष्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्या ठिपक्याला मेडल समजतात. एकीचे बूट पार फाटले तेव्हा तिने टाचा कापून जपून ठेवल्या.

तोंडाने मात्र ताई कुणालाही चांगलं म्हणत नाहीत. मराठीत 'बरं चाललंय', इंग्रजीत 'ओके ओके, लेट अस सी'. आमच्या हिने केलेल्या तीन पुरणपोळ्या खाऊन त्या म्हणाल्या, "खाववतात." आमच्या मुलाचं नवं घर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बेसमेंट गळत नाही ना?" ही आठवडाभर फुगून बसली होती. तोंडभर स्तुती केली की चांगल्या गोष्टीचं वाटोळं होतं, असा ताईंचा पक्का समज. गाव सांगली, इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतात, टेनिसच्या कोचही त्याच, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी शेजारी. मी रिटायर झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला न विचारता टीमचा पाण्याचा कूलर उचलायच्या कामावर लावून टाकलं.

त्या टीममध्ये मॅडी नावाची मुलगी होती. आई स्कूल बस चालवते, घरात दोघीच. बाकीच्या मुलींना क्लब होते, प्रायव्हेट कोच होते, गावोगावच्या टूर्नामेंट होत्या. कॉलेजांचे कोच तिथेच जाऊन मुली हेरतात. मॅडीचं सगळं टेनिस शाळेच्या कोर्टवरचं, ताईंच्या हाताखालचं. तिला बघायला कोण येणार? तरी एका मोठ्या कॉलेजचा कोच दुसऱ्याच मुलीला बघायला आला आणि मॅडीचा खेळ पाहून थांबला. पुढच्या आठवड्यात त्याचा ताईंना फोन आला. मी गाडी चालवत होतो, फोन स्पीकरवर होता.

त्याने विचारलं, मुलगी कशी आहे? ताई म्हणाल्या, ओके आहे. दडपणाखाली टिकते का? बघू या. शेवटी त्याने सरळच विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर हिला घेतलं असतं का?

"कुणी सांगावं," ताई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकडा मोडली. चेहरा असा फुललेला, की जणू पोरीचं लग्नच ठरलंय.

त्याचा परत फोन आला नाही. मॅडी रोज प्रॅक्टिस संपली की आधी फोन बघायची. ताई म्हणायच्या, येईल.

ऑक्टोबरात सीझन संपला तेव्हा मॅडीची आई केक घेऊन कोर्टवर आली. ताईंचे आभार मानले, आणि मग हळूच म्हणाली, की तिने स्वतःच त्या कोचला फोन केला होता. तो म्हणाला, खेळाडूच्या कोचलाच खात्री नसेल तर मी माझी एक जागा कशी देऊ?

"तुम्हाला जे खरं वाटलं ते तुम्ही सांगितलंत," आई म्हणाली. "माझा राग नाही. मॅडीला मी अजून सांगितलेलं नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ताई केकचा डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आई निघून गेल्यावरही त्यांना तो खाली ठेवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, मला मॅडीच्या घरी सोडा, माझ्याच्याने ड्राइव्ह होणार नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी मॅडीला सगळं सांगितलं. म्हणाल्या, मी शिकवलेल्या मुलींत तुझ्याइतकी चांगली कुणी नाही, आणि हेच मी त्याला सांगितलं नाही. घाबरले.

"कशाला?" मॅडीने विचारलं.

"तुला काही होईल म्हणून."

मॅडी म्हणाली, "त्याला नाही तर नाही, निदान मला तरी सांगायचं."

शरमेने ताईंची मान खाली गेली, ती आम्ही निघेपर्यंत वर आली नाही.

त्या कोचला त्यांनी फोन केला, पण जागा भरल्या होत्या. मग त्यांनी लहान लहान कॉलेजांना फोन लावायला सुरुवात केली. मी ऐकलेत ते. उभं राहून बोलायच्या, एका हाताने टेबलाची कड घट्ट धरून. 'शी इज द बेस्ट' म्हणताना आवाज असा खाली जायचा, की जणू चोरीची कबुलीच देतायत. पलीकडचा माणूस 'काय म्हणालात?' विचारायचा आणि मग ते मोठ्याने पुन्हा म्हणावं लागायचं. शेवटी शेजारच्या इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजने मॅडीला घेतलं. स्कॉलरशिप अर्धवट. बाकीच्यासाठी तिला कॅफेटेरियात काम करावं लागतं.

परवा तिची पहिली मॅच होती. आम्ही गेलो. तिला दिसू नये म्हणून ताई बाकावर न बसता लांब जाळीच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. तिथे घडीची खुर्ची टाकून एक बाप बसला होता. इथे सगळेच विचारतात तसं त्यानेही सहज विचारलं, यातली तुमची कुठली?

ताईंनी कोर्टकडे बोट केलं. "ती. निळ्या रिबिनवाली. माझी आहे."

तो उठला आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ताई बसल्या. मी शेजारीच उभा होतो, पण मॅच संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.