रखडलेलं जावळ

निकिताने एकदा ठरवलं की ठरवलं! तिचा हा बाणा माहेरी खर्ड्याला ठाऊक होता, सासरी शेवगावकडे ठाऊक होता आणि केडगावच्या त्यांच्या सोसायटीत तर वॉचमनलासुद्धा ठाऊक होता. गेले काही महिने तिने जे ठरवलं होतं ते असं : मनवाच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. म्हणजे नाही!

मनवा तिची लेक. अजून वर्षाचीही नव्हती, पण डोक्यावर केसांचं असं रान की टोपी घातली तर टोपीच वर तरंगायची. त्या रानाखाली होती टाळू, आणि ती अजून पुरती भरलेली नव्हती. दुकानदार पाचशेची नोट जशी उजेडात धरून बघतो, तशी निकिता ती टाळू येताजाता बघायची. आणि अशा टाळूवर म्हणे वस्तरा फिरवायचा!

सासूबाईंचा, म्हणजे आक्काबाईंचा, गावाहून रोज फोन.

"निकिते, जावळ कवा काढायचं?"

"काढायचंच नाही, आई. तो वस्तरा कुठल्या कुठल्या डोक्यांवरून फिरून येतो. जंतू असतात त्याला."

"आमच्या टायमाला जंतू नव्हते व्हय?"

"होते. तुम्हाला दिसले नाहीत."

"मंग तुला दिसत्यात?"

यावर निकिताचा नवरा मच्छिंद्र म्हणायचा, "मी तुझ्या बाजूने आहे." मग गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचा आणि फोनवर म्हणायचा, "आई, मी तुझ्याच बाजूनं हाय." असा सगळ्यांच्या बाजूचा माणूस भांडणात फार उपयोगी पडत नाही, पण ते पुढे येईलच.

निकिता बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली होती. केडगावातच पत्र्याची शेडं आणि गोदामं उभारून देणाऱ्या कंपनीत ती होती. एका शुक्रवारी सकाळी मालकांनी, नृसिंह सरांनी, तिला केबिनमध्ये बोलावलं.

"निकिता मॅडम, आपले खांब एका गावाला जातात, पत्रे दुसऱ्या गावाला आणि वेल्डर तिसऱ्याच गावाला लग्नात जेवत बसतो! हे थांबलं पाहिजे. हे 'तडीस' नावाचं सॉफ्टवेअर महिनाभर फुकट मिळतंय. वापरून बघा आणि संध्याकाळी सांगा, घ्यायचं का नाही. पण आपल्या गिऱ्हाइकांची नावं त्यात अजिबात घालू नका. फुकटच्या वस्तूवर माझा विश्वास नाही."

"काळजीच सोडा सर! असं तपासते की कंपनीवालेच घाबरतील!"

'तडीस'वाल्या मुलीने फोनवर बजावलं, "मॅडम, नमुना म्हणून 'टेस्ट एक, टेस्ट दोन, अबक' असलं भरू नका हं. खऱ्यासारखं भरा. खरी माणसं, खरी कामं, खरी भांडणं! तरच आमचं सॉफ्टवेअर कळेल."

खऱ्यासारखं! निकिता विचारात पडली. गिऱ्हाइकं घालायची नाहीत. मग खांबापासून जेवणावळीपर्यंत तोंडपाठ असलेलं दुसरं काम कुठलं? आणि एकदम ट्यूब पेटली. जावळ! सासूबाईंनी रोज फोनवर त्याची इतकी उजळणी केली होती की बोकड कुणी आणायचा, न्हावी कुणी सांगायचा, मान कुणाचा, सगळं तिला पाढ्यासारखं येत होतं. शिवाय हे काम कधीच होणार नव्हतं! नमुन्याला याहून सुरक्षित काय असणार?

तिने प्रकल्पाचं नाव टाकलं : 'मनवाचं जावळ'. दिवस : परवाचा रविवार. ठिकाण : केडगाव, सोसायटीचं पार्किंग. मग माणसं. सॉफ्टवेअर खोटा मोबाईल नंबर काही केल्या घेईना, तेव्हा तिने आपल्या फोनमधले खरेच नंबर भरले. 'सहभागींना कळवा' या चौकटीत आधीपासूनच एक नाजूक, हिरवी, निरागस खूण होती. तिच्याकडे निकिताने पाहिलंसुद्धा नाही.

कामं वाटली. बाळाला मांडीवर घेणे : हर्षल. हा तिचा धाकटा भाऊ, मनवाचा मामा. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसायचं, तो मामाचा मान. बोकड आणणे : कानिफनाथ. हे नणंदेचे यजमान, स्वभावाने मोठे हौशी. न्हावी सांगणे आणि प्रकल्पाला मंजुरी देणे : आक्काबाई. खऱ्यासारखं म्हणजे खऱ्यासारखं!

मग एकेक बटण तपासणं सुरू झालं. काम रखडलं तर काय दिसतं? तिने हर्षलच्या कामाची मुदत कालची टाकली. लालभडक पट्टी! झकास! काम एकाकडून काढून दुसऱ्याला देता येतं का? तिने मांडी हर्षलकडून काढून कानिफनाथांना दिली. गेली की! कंपनीत एवढ्या सहजतेने कुणाची खुर्चीसुद्धा हलवता येत नव्हती.

दुपारी नृसिंह सर स्वतःच बघायला आले. पडद्यावर हिरव्या खुणा पटापट उमटत होत्या. 'कानिफनाथ : मांडीचे काम स्वीकारले.' 'आक्काबाई : प्रकल्प मंजूर.' 'आक्काबाई : न्हावी सांगितला.'

"हे आपोआप होतं?" सरांनी विचारलं.

"हो ना सर! नमुना दाखवायला सॉफ्टवेअर स्वतःच करत असणार. किती हुबेहूब!"

"वा! आपल्या साइटवर एवढं काम कधी झालंय? पण मॅडम, हा धोक्यांचा रकाना रिकामा का?"

निकिताला तेवढंच हवं होतं. कित्येक महिन्यांचं साचलेलं सगळं बोटांत उतरलं. तिने टाईप केलं : 'धोका क्रमांक एक : सासूबाईंचा हट्ट. शक्यता : नक्की. तीव्रता : भयंकर. उपाय : दुर्लक्ष करणे.'

सर खोखो हसले. "हे मात्र अगदी खऱ्यासारखं!"

तेवढ्यात पडद्यावर एक फोटो उघडला. 'कानिफनाथ : बोकड आणला. पुरावा सोबत.'

काळाभोर, दाढीवाला बोकड कॅमेऱ्याकडे मोठ्या तोऱ्यात बघत होता. सर म्हणाले, "बोकडाचा फोटोसुद्धा? कमाल आहे या लोकांची!"

निकिता मात्र बोकडाकडे बघतच नव्हती. बोकडामागे निळं पिंप होतं. पिंपामागे ओटा होता. ओट्यावर हिरव्या इरकलीतली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ते पिंप निकिताने गेल्या दिवाळीत स्वतः घासलं होतं. आणि त्या बाईला ती रोज फोनवर 'नाही' म्हणत होती!

"सर," ती म्हणाली, "हा बोकड खरा आहे."

ड्रॉवरमध्ये गप्प करून ठेवलेला फोन तिने काढला. फोन कसला, मिस्ड कॉल आणि मेसेजांचं वारूळ! पहिला लावला तो हर्षलला.

"ताई, तू बोलूच नको!" भाऊ असा कडाडला की तिने फोन कानापासून लांब धरला. "आदी म्हनती काम दिलं. मग म्हनती रखडलं, कारन कळवा! आरं, मला आत्ता तर सांगितलं, रखडंल कसं? आन् वर मांडी काढून कानिफनाथ दाजींना दिली? माजी मांडी काय मोडली व्हती का?"

"अरे हर्षल, ते खोटं आहे! नमुना आहे!"

"नमुना तर हायच! मामा जित्ता असताना मामाचा मान दुसऱ्याला? आई इकडं रडाया लागली. रविवारी मी येतोय. गाडीभर मानसं घिऊन येतोय!"

मग कानिफनाथ. त्यांचा आवाज तुपात घोळल्यासारखा झाला होता. "वहिनी, तुमी मला एवढा मान दिला, मी तर भरूनच पावलो! नवं धोतर घेतलं बगा. मांडीसाठी!"

निकिताने घाईघाईने 'प्रकल्प रद्द करा' हे बटण दाबलं. सॉफ्टवेअर अदबीने म्हणालं, 'विनंती मंजुरीसाठी पाठवली आहे.' मंजुरी कुणाची? ज्यांना तिने तो अधिकार दिला होता त्यांची. आणि हिरव्या इरकलीवाल्या बाई चांगल्या तयारीच्या निघाल्या. पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच्या आत उत्तर आलं : 'आक्काबाई : नाकारले.'

"सॉफ्टवेअर मजबूत आहे," नृसिंह सर हळूच म्हणाले आणि केबिनकडे सटकले.

घरी मच्छिंद्रने सगळं ऐकून घेतलं. "मी तुझ्या बाजूने आहे," म्हणाला आणि गॅलरीकडे वळला. निकिताने गॅलरीचं दार लावून कडी घातली. "आज इथेच बसून बोला."

"आता माणसं येणारच. होऊन जाऊ दे की एकदाचं."

"येऊ देत! जेवू देत! नाचू देत! वस्तरा लागणार नाही म्हणजे नाही!"

रविवारी सकाळी शेवगावहून टेम्पो आला. पुढे आक्काबाई, मागे पाहुणे, मधे बोकड आणि बोकडाशेजारी पेटी मांडीवर घेतलेले पुंजाराम न्हावी. पाठोपाठ खर्ड्याची गाडी आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढी माणसं गणपतीतही जमली नव्हती. बोकडाने उतरल्या उतरल्या सेक्रेटरीच्या कुंडीतली शेवंती संपवली.

निकिता मनवाला कडेवर घेऊन जिना उतरली. आक्काबाई पदर खोचून समोर आल्या.

"धोका क्रमांक एक हजर हाय!" त्या गरजल्या. "म्या फोनवरचं बटन दाबलं, तर ती फोनमधली बाई सगळ्या वट्ट्याला वाचून दाखवती. सासूबाईंचा हट्ट! तीव्रता भयंकर! कर की आता दुर्लक्ष!"

निकिताचे कान तापले. पण पाऊल मागे गेलं नाही. "ते लिहायला नको होतं, आई. पण वस्तरा लागणार नाही."

तिकडे निराळंच पेटलं होतं. हर्षलने पार्किंगमध्ये घोंगडी अंथरून मांडी घातली होती. त्याला खेटून कानिफनाथांनी नव्या धोतरात मांडी घातली.

"दाजी, उठा. ही जागा मामाची हाय."

"माज्याकडं मेसेज हाय, पाव्हनं. लेखी!"

"मेसेजवर मान ठरतो व्हय? उद्या मेसेज आला म्हनून नवरदेव व्हऊन बसताल!"

दोन्हीकडची माणसं उठली. सेक्रेटरी वरून ओरडू लागले. आक्काबाईंनी डोक्याला हात लावला आणि मटकन टेम्पोच्या फळीवर बसल्या.

"पुन्यांदा त्येच!" त्यांचा आवाज एकदम ओला झाला. "माज्या मच्छिंद्रच्या जावळाला बी ह्येच झालं हुतं. त्येचा मामा आन् तुजा सासरा मांडीवरनं भांडले, आन् बोकडासकट सगळे माघारी गेले. ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच. पुढं साळंत घालताना गपचिप केस कापले. तवापास्नं जिवाला लागून हाय. नातीचं तरी नीट व्हावं म्हनून तर माजी एवढी तगमग!"

उठलेली माणसं खाली बसली. बोकडानेसुद्धा चघळणं थांबवलं. निकिताने सासूबाईंकडे पाहिलं. दया आली, हे खरं. पण त्याच क्षणी 'तडीस'ची लालभडक पट्टीही डोळ्यांपुढे चमकली, हेही तितकंच खरं!

"म्हणजे आई, यांचं जावळ अजून बाकी आहे?"

"व्हय की."

"मग आधी रखडलेलं काम! ते झाल्याशिवाय पुढचं सुरू करता येत नाही. कुठल्याही कंपनीत विचारा!"

मच्छिंद्र हळूहळू मागे सरकू लागला. मागे बोकड होता.

"अगं, मी बत्तीस वर्षांचा आहे!"

"टाळू भरलीय ना तुमची? मग झालं! आणि तुम्ही माझ्या बाजूने आहात ना? आईंच्याही बाजूने आहात ना? बसा!" मग ती घोंगडीकडे वळली. "हं, आता घ्या यांना मांडीवर. कुणाचा मान?"

हर्षलने मच्छिंद्रच्या पोटाकडे पाहिलं आणि मांडी सोडली. "दाजींचाच मान हाय. त्यांच्याकडं मेसेज हाय ना!"

कानिफनाथ गुडघा चोळत उठले. "न्हाई न्हाई, मामा त्यो मामा! माजं गुडगं लई दुकतंय."

पुंजाराम म्हणाले, "कुनाच्या का व्हईना, वस्तरा पुजलाय. म्या रिकामा माघारी न्हेनार न्हाई."

शेवटी मच्छिंद्रला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि मान म्हणून हर्षल आणि कानिफनाथांना दोन्ही बाजूंना बसवून त्यांच्या एकेका मांडीला टेकवलं. आक्काबाईंनी ओवाळलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं. डोकं गुळगुळीत झालं. मटणाचं जेवण झालं. हर्षल आणि कानिफनाथ एकमेकांना आग्रहाने नळी वाढत होते. जाताना आक्काबाईंनी मनवाचा मुका घेतला आणि निकिताला म्हणाल्या, "हट्टी हायेस बाई. माज्यावानी." वस्तऱ्याचं नावही काढलं नाही.

जिंकली की हो निकिता! सोमवारी ती ऑफिसात अशी शिरली, जणू भुईकोट सर करून आली होती. नृसिंह सरांनी 'तडीस' मात्र नाकारलं. म्हणाले, "मॅडम, एका मेसेजवर माणसं बोकड घेऊन हजर होतात. आपली माणसं खरंच अशी वेळेवर येऊ लागली, तर मी पत्रे कुठून आणू?"

आणि मग मे महिना लागला. केडगाव तव्यासारखं तापलं. त्या दाट रानाखाली मनवाच्या डोक्यात घामोळ्या उठल्या. लेकरू खाजवून खाजवून रडायला लागलं. निकिताने चंदन लावलं, पावडर लावली, पंखा लावला, कूलर लावला. पण केस तसेच आणि घाम तसाच. एका दुपारी तिने बाथरूमचं दार आतून लावून घेतलं आणि थोड्या वेळाने मनवाला कडेवर घेऊन बाहेर आली. मनवा खुदूखुदू हसत होती. डोकं कसं, सोललेल्या लिंबासारखं!

मच्छिंद्रने लेकीकडे पाहिलं. आपल्या डोक्यावर नुकत्याच फुटलेल्या काट्यांवरून हात फिरवला.

"मग माझे कशाला काढले?"

"हे बघा," निकिता मान ताठ ठेवून म्हणाली, "मी वस्तरा लागणार नाही म्हणाले होते. हा ट्रिमर आहे. आणि हे आईंना कळता कामा नये!"