देवदत्तचं हसू आणि माझं तोंड

अभिनयात काही दम नसतो, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकतो. निदान त्या रविवारी दुपारपर्यंत तरी सांगू शकत होतो!

मी मनोज. राहणार पोशीर, नोकरी कुंभिवलीच्या एका कंपनीत, पॅकिंगचा सुपरवायझर. आमच्या घरात रोज संध्याकाळी एक परपुरुष येतो. त्याचं नाव देवदत्त. तो असतो टीव्हीवरच्या मालिकेत, पण त्याचा मान बघाल तर घरचा जावई झक मारेल! तो पडद्यावर आला की माझी बायको नम्रता आमटीचा डाव हातात धरून तशीच उभी राहते. आमची आई, इंदूबाई, काढून ठेवलेली कवळी परत तोंडात बसवते. का, तर देवदत्तसमोर बोळक्या तोंडानं कसं बसायचं! आणि मी नुसतं "मीठ" म्हटलं तरी दोघी एकदम "श्शऽऽ!" करतात.

"एवढं आहे तरी काय त्याच्यात?" मी एकदा विचारलं.

"तुम्हाला नाय कळायचं," नम्रता म्हणाली.

बास! सुपरवायझरला असं बोलायचं नसतं. कंपनीत एखादं मशीन डोकं फिरवायला लागलं की मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतो. तसाच आठवडाभर टीव्हीसमोर बसलो आणि गुपित सापडलं! तो माणूस काहीच करत नाही हो! तोंडाच्या फक्त डाव्या कोपऱ्यातून हसतो, उजवा कोपरा जणू रजेवर. पापणी लवत नाही. बायको समोर आली की छातीवर हात ठेवतो. आणि बोलतो इतकं सावकाश, की दोन शब्दांच्या मधे माणूस मोरीत जाऊन पाय धुऊन येईल. एवढ्यावर अख्ख्या गावातल्या बायका फिदा!

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या संतोषला मी सांगून टाकलं, "रविवारी घरी करून दाखवतो. नम्रता त्या देवदत्तला विसरते की नाही बघ!"

"आधी आरशात बघून घे रं," संतोष म्हणाला.

आरसा कच्च्या नटांना लागतो, असं म्हणून मी विषय मिटवला.

रविवारी दुपारी नम्रता भाकऱ्या थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. डावा कोपरा वर नेला, उजवा सैल सोडला. पापण्यांना ताकीद दिली.

"नम... रता..."

"काय?" तिनं वर न बघताच विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. देवदत्त लगेच उत्तर देत नाही! डोळ्यांत पाणी जमायला लागलं, तरी पापणी लवू दिली नाही. अखेर तिनं मान वर केली. आणि काय सांगू! तिच्या हातातली भाकरी गळून पडली! डोळे भरून आले! ओठ थरथरायला लागले! मी मनात म्हटलं, जमलं रे मनोज, पहिल्याच फटक्यात जमलं!

"अहो!" ती किंचाळली. "तुमचं तोंड वाकडं झालंय! आई! आईऽऽ, धावा!"

आई दाराबाहेरच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती, ती टोपलीसकट आत आली. माझ्याकडे बघितलं आणि टोपली सोडलीच.

"अरं द्येवा! मन्याच्या अंगावरनं वारं ग्येलं गं! याच्या आज्याला अस्संच झालं व्हतं!"

"अगं आई, मी नुसतं..." एवढंच मी बोललो, तेवढ्यात आईनं डब्यातला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. साखर कमी झाली असली तर ताळ्यावर येईल म्हणून! खडा केवढा? गणपतीच्या हातातल्या मोदकाएवढा! तो ना गिळता येईना, ना थुंकता येईना.

"अं! अंऽऽ!" मी दोन्ही हात हलवले.

"वाचा बी ग्येली!" आईनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढचं सगळं मला धड आठवत नाही, कारण ते माझ्या पायांवर घडलंच नाही. शेजारचा रूपेश टेंपो घेऊन आला. त्यात लग्नाच्या मांडवाच्या लाल खुर्च्या भरलेल्या होत्या. त्या उतरवायला कुणाला वेळ! मला उचललं आणि खुर्च्यांच्या दोन थप्प्यांच्या मधे आडवं केलं. आई माझ्या पायांवर बसली, मी घरंगळून खाली पडू नये म्हणून. आता आईचं वजन मी सांगत नाही, पण माझे पाय तेव्हा खरोखरच बधिर झाले!

नम्रतानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि टेंपो कर्जतच्या वाटेला लागला.

एव्हाना गूळ बराचसा विरघळला होता. बोलता येण्यासारखं होतं. पण नम्रता रडत रडत म्हणत होती, "परवा मी तुम्हाला काय काय बोलले हो! तुमच्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाय!" लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. आता तुम्हीच सांगा, असं वाक्य चालू असताना कुणी मधेच उठून बसेल का? मी आणखी थोडा वेळ आजारी राहायचं ठरवलं.

मग तिनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं आणि डोळे मिटले. तिचे ओठ नुसते हलत होते. तेव्हा कुठं मला कळलं! ही खरंच घाबरली आहे! माझ्या गमतीनं!

"नम्रता," मी घाईघाईनं म्हणालो, "मला काही झालेलं नाही. मी देवदत्त आहे!"

चुकलंच! 'मी देवदत्त करत होतो' असं म्हणायचं होतं. नेमका तेव्हाच टेंपो खड्ड्यात गेला.

"भ्रम झाला!" आई ओरडली. "रूपेश, पळव रं गाडी!"

कर्जतच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी बॅटरी डोळ्यांत मारली. "हसून दाखवा," म्हणाले. मी दोन्ही कोपऱ्यांनी हसलो. "जीभ काढा." काढली. ती गुळानं पिवळीधमक झालेली! डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"हे काय आहे?"

"गूळ," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. डावा कोपरा, पापण्या, छातीवरचा हात, सगळं!

जागृती नावाची नर्स इंजेक्शन भरता भरता थांबली.

"देवदत्त?" ती म्हणाली. "करून दाखवा बघू."

काय करणार? स्ट्रेचरवर बसून मी डावा कोपरा वर नेला.

"अगं बाई!" जागृती दचकून मागे झाली. "सर, हा तर सरळ लकवा दिसतोय! घरच्यांची काय चूक!"

आणि मग माझी तपासणी राहिली बाजूलाच, देवदत्तचीच सुरू झाली.

"हसण्यात काय नाय ओ त्याच्या," जागृती म्हणाली. "तो रडतो ना, तेव्हा तोंड लपवतो. म्हणून आपल्याला रडू येतं."

"तो जेवल्यावर सोताचं ताट सोता उचलतो," आई म्हणाली. "घरातनं निघताना आयशीला सांगून जातो." आणि हे म्हणता म्हणता तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की डॉक्टरांनी पुन्हा नाडी बघितली.

"मला तर त्याची शर्टं आवडतात," रूपेश म्हणाला.

बाजूच्या खाटेवर पाय प्लॅस्टरमध्ये अडकवलेले एक आजोबा होते, तेही उठून बसले आणि म्हणाले, "त्यो लबाड वाटत नाय बगा. बाकीचे समदे कॅमेऱ्याकडं बगतात, ह्यो समोरच्याकडं बगतो!"

आणि नम्रता? ती कोपऱ्यात उभी होती. हाताला अजून तांदळाचं पीठ लागलेलं. माझ्याकडे बघतही नव्हती.

परतीच्या वाटेवर तिघं टेंपोत मागेच बसलो, यावेळी खुर्च्यांवर. मग मीच धीर केला.

"नम्रता, चुकलो. पण आता तूच सांग, तुला काय आवडतं त्याच्यात? ते हसूच ना? आवाज असेल. मला माहितीये, आवाजच!"

"हेच!" ती म्हणाली. "तो असं नाय करत."

"कसं?"

"त्याची बायको बोलत असते, तेव्हा तो ऐकतो. 'मला माहितीये' म्हणून मधे तोंड घालत नाय. त्याला वाक्यसुद्धा नसतं तिथं, नुसतं ऐकायचं काम असतं. पण तिचं बोलणं त्याच्या तोंडावर दिसतं. मला ते बघायचं असतं. बाकी तो कसा हसतो, मी कधी बघितलंसुद्धा नाय."

"माहिती..." एवढं म्हणून मी जीभ चावली.

"उद्यापासून मी नेरळच्या बालवाडीत शिकवायला जाणार हाय," ती पुढे म्हणाली. "सकाळी तुमच्याआधी निघणार. तुमचा डबा तुम्हाला भरायला लागेल. हे मी तुम्हाला दिवाळीपासून सांगतेय. प्रत्येक वेळी तुम्ही 'हो हो, माहितीये' म्हणालात."

नोकरी? नेरळला? दिवाळीपासून? डबा मी?

माझ्या डोक्यात एकही शब्द उरला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा, अगदी मनापासून, बायकोकडे बघत गप्प बसून राहिलो. ती बोलत गेली. मुलांची नावं सांगत गेली, शिकवायच्या गाण्यांचं बोलत गेली, आणि मी ऐकत गेलो. हे मी देवदत्तकडून शिकलो नव्हतो, मला फक्त जबरदस्त धक्का बसला होता.

आईनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग टेंपोच्या काचेवर दाणदाण हात आपटला.

"रूपेश! फिरव रं गाडी! याला खरंच झालं!"

रूपेशनं फिरवलीसुद्धा!