मत मागायला आलेले मुन्सफनाना

मुन्सफनाना मांजरीचीसुद्धा बाजू ऐकून घ्यायचे. खोटं नाही सांगत. धुळ्याला आमचं आणि त्यांचं घर लागून, मध्ये छातीएवढी भिंत. एकदा मांजरीने त्यांचं दूध सांडलं. मी भिंतीवरून ओरडले, "नाना, हाणा तिला काठी!" तर नाना चष्मा पुसत तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "फिर्याद ऐकली. हं, आता दुसरी बाजू." मांजर म्हणाली म्याव. नानांनी मान डोलावली. "झाकण उघडं होतं, हे तिचं म्हणणं ग्राह्य धरावं लागेल." मांजर निर्दोष सुटली आणि उरलेलं दूधही तिलाच मिळालं!

इंग्रजांच्या राज्यात नानांनी तीस वर्षं मुन्सफी केली. एरंडोल, अमळनेर, जळगाव, शेवटी चाळीसगाव. पेन्शन घेऊन धुळ्याला आले, तरी कोर्ट काही अंगातून उतरेना. वांगी घ्यायची तर माळीण एक वांगं पुढे करायची, नाना ते कानाशी नेऊन हलवायचे आणि म्हणायचे, "निकाल राखून ठेवला." ती बिचारी पाटी डोक्यावर घेऊन दोनदा गल्ली फिरून यायची. आज पोळी की भाकरी, यावरसुद्धा तारीख पडायची, आणि तोवर चूल विझून जायची. बायको वारलेली, पोरबाळ नाही. घरात नाना आणि ती निर्दोष मांजर.

मात्र कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. नोकरीतलीच सवय ती. आज ज्याचा चहा प्यायचा, तो उद्या पक्षकार म्हणून समोर उभा राहिला तर? चाळीसगावला म्हणे देवळाबाहेर कुणी तरी प्रसादाचे साखरफुटाणे हातावर ठेवले. यांनी त्याचं नाव विचारलं, कचेरीत जाऊन दाव्यांची यादी पाहिली, नाव सापडलं, आणि फुटाणे पुडी बांधून शिपायाबरोबर परत! देवाचा प्रसाद परत करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

तर अशा नानांना गल्लीतल्या मंडळींनी म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभं केलं. समोर धोंडूशेठ, सरकीचे व्यापारी, पोटाने आणि मनाने मोठे. नानांनी लाल पगडी झटकली, अंगरखा चढवला आणि मत मागायला पहिल्यांदा आमच्याच ओट्यावर आले. माझ्या सासूबाई म्हणजे अक्का भरीत करत होत्या. त्यांनी भाकरीवर भरीत घालून ताटली पुढे केली. नाना दचकून मागे सरले.

"अक्का, आपला कोर्टात काही दावा वगैरे?"

"दावा नही शे नाना, भरीत शे. गुमान खाई ल्या."

नानांनी एक घास घेतला. मग दुसरा. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीने, असं तेच म्हणाले. तीन भाकऱ्या झाल्यावर त्यांना प्रचाराची आठवण झाली. "मी सचोटीचा आहे. कायदा जाणतो. ही झाली माझी बाजू. हं, आता दुसरी बाजू. धोंडूशेठ गल्लीतल्या प्रत्येकाला नावाने ओळखतात, कुणाकडेही मयत झाली तर आधी पोचतात, आणि नळाचं पाणी आणायची धमक त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त आहे. निकाल तुमचा."

हे असं घरोघर! नानांना नऊ मतं पडली. धोंडूशेठ हार घेऊन आभार मानायला आले. "नाना, माझा प्रचार माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा असा केला नसता हो!"

आम्हाला वाटलं, आता म्हातारा खचेल. तर दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला पगडी, अंगरखा, काठी, नाना ओट्यावर हजर.

"मत मागायला आलो."

"ओ नाना, निवडणूक ते कालदिनच व्हई गई ना!" अक्का म्हणाल्या.

"पुढची आहे की. तीनच वर्षं राहिली."

आणि खरोखर तीन वर्षं नाना प्रचार करत फिरले. मंगळवारी आणि शनिवारी आम्ही, बुधवारी तांबटाचं घर, गुरुवारी पलीकडची आळी. कुठे ताटात ज्वारीच्या बिबड्या, कुठे डाळीचे फुणके-कढी. पोरांच्या भांडणात दोन्ही बाजू ऐकायचे आणि दोघांनाही निर्दोष सोडायचे. एकदा जेवता जेवता मी विचारलं, "नाना, इतकी वर्षं कुणाकडेच कसे गेला नाहीत हो?" त्यांनी भाकरीचा तुकडा ताटातच फिरवला. "चाळीसगावला आमची मंडळी वारली तेव्हा सगळं गाव आलं होतं. फाटकापर्यंत. आत पाऊल टाकायचं नाही, हे मीच शिकवलं होतं ना त्यांना." मग लगेच, "भरीत वाढा थोडं."

पुढची निवडणूक आली, आणि काय गंमत, धोंडूशेठ म्हणाले, माझे गुडघे दुखतात, मी उभा राहत नाही. झालं! नाना बिनविरोध निवडून येणार. गल्लीत पोरं नाचली. नाना मात्र पांढरेफटक. तसेच अनवाणी धोंडूशेठच्या पेढीवर गेले. "शेठ, दुसरी बाजूच नसेल तर निकाल कसला? उभे राहा. गुडघ्यांना तेल मी चोळतो." शेठ हसून हसून बेजार, पण राहिले उभे. नानांनी पुन्हा घरोघर शेठची बाजू मांडली.

घर अक्कांच्या नावावर, म्हणून त्या काळच्या नियमाने मत अक्कांना होतं. नानांची मतपेटी पिवळी, शेठची लाल. मत टाकून आल्या तशी मी म्हटलं, "या खेपेला तरी नानांना दिलंत ना?"

"येडी का काय तू? लालमा टाकं. नाना निवडून उनात, ते मंग आपलाकडे कसाले येतीन त्या?"

मी हसले, पण निवडून आलेले नाना मत मागायला कशाला येतील, हे गल्लीतल्या बाकीच्यांनाही सुचलेलं दिसलं. नानांना या वेळी चारच मतं पडली.

संध्याकाळी निकाल कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी चार वांगी जास्तीची भाजायला टाकली, ओट्यावर पाट मांडला, आणि अकराच्या सुमाराला भिंतीपलीकडे काठीचा आवाज आला.