धाकट्या पाकोळीचा काळा दोरा

पूर्वाचं वागणं आता अतीच झालं होतं! सासूची पाठ कशी आहे हे विचारायला सुनेला सवड नाही, आणि मागल्या दारी छताखाली मातीच्या वाटीत जन्मलेल्या पाखरांचं मात्र वजन! तेही काट्यावर! अनुसयाबाईंचं वजन गेल्या गणपतीपासून कुणी विचारलं नव्हतं. ते बरंच होतं म्हणा, पण विचारायला काय जातं?

ओमानमधल्या अल अमेरातच्या त्या घराचं मागलं दार म्हणजे अनुसयाबाईंचं राज्य. तिथे त्या मिरच्या वाळवायच्या, सांडगे घालायच्या, आणि भिंतीपलीकडच्या दापोलीच्या हवाबीशी गप्पा मारता मारता अख्ख्या गल्लीचा निकाल लावायच्या. पाकोळ्यांनी छताखाली घरटी बांधली आणि राज्य खालसा झालं.

"आई, तिकडे झाडू नका मारू. आणि त्या मिरच्या जरा हलवाल का? ठसका लागतो."

"कुणाला?"

"पिल्लांना."

अनुसयाबाईंनी मिरच्या हलवल्या, पण जीभ हलायची थांबली नाही. "दुसरीत शाळा सोडली मी, पण अर्ध्या वाडीची पोरं ह्या हातांनी न्हाऊ घातली! मला शिकवते पिल्लं कशी सांभाळायची!"

देवानंदने, म्हणजे त्यांच्या लेकाने, रुवीच्या वर्कशॉपात आयुष्यभर मशिनं दुरुस्त केली होती. चालू मशिनात हात घालायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो चहा घेऊन पुढल्या दारी पळाला.

आता खरं सांगायचं तर एक गोष्ट अनुसयाबाईंनाही दिसत होती. तिचं ऑफिस बंद पडल्यावर पूर्वा कित्येक दिवस भिंतीकडे बघत बसली होती. जेवण नाही, बोलणं नाही. ह्या पाकोळ्यांनीच तिला उठवलं. पाखरांच्या पायात नंबराचं बारीक कडं घालायचं, म्हणजे ती कुठे जातात, पुढल्या साली ह्याच छताखाली परत येतात का, ते कळतं. हे काम ती उजैरसाहेबांच्या हाताखाली दोन वर्षं शिकत होती. उजैरसाहेब मस्कतचे, बलुची, हिंदी झकास बोलणारे. ह्या हंगामाअखेर ते ठरवणार होते, पूर्वाला एकटीने कडी घालायची परवानगी द्यायची की नाही. सुनेचा जीव त्या परवानगीत अडकला होता. अनुसयाबाईंना हे कळत होतं. बोलून दाखवायची मात्र त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.

कडी घालायचा दिवस उजाडला. पूर्वाने शिडीवरून पिल्लं उतरवली. एका घरट्यात तीन. पहिल्याच्या पायात कडं बसलं, दुसऱ्याच्या बसलं. तिसरं पिल्लू म्हणजे उकडलेल्या सुपारीएवढं!

"इसे रहने दो," उजैरसाहेब म्हणाले. "अभी तैयार नहीं है."

पूर्वाने धाकट्याला तसंच उचललं आणि घरट्यात ठेवलं.

अनुसयाबाईंना ते बघवेना. अहो, भावंडांच्या पंगतीत दोघांना वाढायचं आणि तिसऱ्यासमोरून पातेलं पुढे न्यायचं? हा तर पंक्तिप्रपंच! त्यांच्या माहेरी दारात आलेल्या भिकाऱ्याशीही कुणी असं केलं नव्हतं. त्यात वर उजैरसाहेबांनी त्या धाकट्याचे फोटो काढले, "कितना प्यारा है" असं तीनदा म्हणाले. कडं नाही ते नाही, वर नजर!

मंडळी चहाला आत गेली. अनुसयाबाईंनी कुंकवाच्या डब्यातून नातवाची, अनयची, तान्हेपणीची मनगटी काढली. तिच्यातला एक मणी काळ्या दोऱ्यात ओवला. पाठदुखी विसरून त्या शिडीवर अशा चढल्या, जशा तरुणपणी फणसावर चढायच्या! धाकट्याच्या काडीएवढ्या पायात त्यांनी दोरा बांधला आणि वर चांगला लांबसा गोंडा सोडला.

"काय करतेस गो वर?" भिंतीपलीकडून हवाबी ओरडली.

"हळू बोल! न्याय करतेय!"

"आणि सुटला तर दोरा?"

"माझ्या आईची गाठ आहे ही, पाळण्याच्या दोरीची. दिसायला निरगाठ, आतून सुरगाठ. आपणहून जन्मात सुटायची नाही. ज्याने बांधली, त्यालाच सुटते!"

हे वाक्य त्यांनी फारच ऐटीत म्हटलं. माणसाने शिडीवर उभं राहून ऐट करू नये, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

आठवडाभराने पूर्वाने दुर्बीण डोळ्याला लावली आणि किंचाळली.

"आई! धाकट्याच्या पायात काहीतरी आहे! काळं!"

"असेल काहीतरी," अनुसयाबाई म्हणाल्या आणि एकाच ताटाला तिसऱ्यांदा राख लावू लागल्या.

पूर्वाने फोटो काढून पाखरंवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथे शहाण्यांचं पेव फुटलं! एक म्हणाला, ही इराणची खूण. दुसरा म्हणाला, नाही, आफ्रिकेत असे काळे मणी लावतात. पूर्वा ते मोठ्याने वाचून दाखवत होती.

"इराणला गेलं कधी ते?" अनुसयाबाईंना राहवेना. "अजून घरट्यातून बाहेर तोंड काढलेलं नाही त्याने!"

"तेच तर!" पूर्वाने फोन खाली ठेवला. "म्हणजे इथेच कुणीतरी हात लावलाय. उजैरसर म्हणतात, असं असेल तर ही जागा सुरक्षित नाही. शुक्रवारी येतायत ते. परवानगीचं आता काही खरं नाही, आई."

आणि ती पुन्हा त्या भिंतीकडे बघत बसली. त्याच भिंतीकडे!

अनुसयाबाईंच्या हातातलं ताट निसटलं. "कोण तो मेला? सापडू दे, हात मोडते त्याचा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की हवाबीने भिंतीवरून डोकं वर काढलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून खाली बसली.

ठरलं! शुक्रवारी साहेब यायच्या आत दोरा काढून टाकायचा. पण पूर्वा मागल्या दाराला अशी चिकटली, जशी फणसाला माशी. आंघोळीला जाईना, जेवायला उठेना. चोर पकडायचा होता ना तिला! आणि चोर तिला दर तासाला चहा आणून देत होता.

शुक्रवार आला. साहेबांची गाडी अजून वाटेत होती, तेवढ्यात धाकट्याला उडायची हुक्की आली. घरट्याच्या काठावर आला, पंख पसरले, आणि झेपावला...

आणि खाली डोकं वर पाय! अनुसयाबाईंनीच कपडे वाळत घालायला ठोकून घेतलेल्या खिळ्यात गोंडा अडकला होता. पिल्लू उलटं लोंबकळत फडफडत होतं. आईबाप पाकोळ्या डोक्यावर चिरचिरत घिरट्या घालत होत्या. देवानंद शिडी धरायला धावला. पूर्वा वर चढली, पिल्लाला मुठीत धरलं, गोंडा खिळ्यातून सोडवला आणि खाली आली. हात स्थिर, चेहरा मात्र पांढराफटक.

"दोरा आवळलाय," ती म्हणाली. "पाय काळा पडतोय."

फाटक वाजलं. उजैरसाहेब आले, चष्मा लावला, नखाएवढी कात्री काढली. कात्रीचं टोक दोऱ्याखाली जाईना. त्यांनी मान हलवली.

"खाल में घुस गया है. काटूँगा तो पैर भी कट सकता है. पैर गया तो यह कहीं पकड़कर बैठ नहीं पाएगा. मर जाएगा."

पिल्लाचं काळीज पूर्वाच्या मुठीत धडधडत होतं.

"गाठ सोडवून बघते," पूर्वा म्हणाली आणि तिने चिमट्याने लांब टोक धरून हळूच ओढलं. दोरा आणखी आवळला! पिल्लाने चोच उघडली, पण आवाज फुटला नाही.

अनुसयाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात लाटणं. बोललं तर साहेबांसमोर सुनेचं नाक कापलं जाणार, लेकासमोर आपलं. गप्प बसलं तर...

पूर्वाने पुन्हा लांब टोक धरलं.

"अगो, ते नव्हे!" लाटणं खाली पडलं. "आखूड टोक! मण्यामागे दडलंय बघ, ते! वर नको, आडवं ओढ! एका झटक्यात!"

पूर्वाने आखूड टोक धरलं. आडवं ओढलं. गाठ अशी सुटली, जशी कधी नव्हतीच! मणी टप्पकन फरशीवर पडला आणि गडगडत थेट उजैरसाहेबांच्या बुटाला जाऊन टेकला.

पूर्वाने मान वर करून सासूकडे पाहिलं. देवानंदने आकाशाकडे पाहिलं. भिंतीपलीकडून फस्सकन आवाज आला. हवाबीच्या पदराचा बोळा सुटला होता.

"माजी," साहेबांनी मणी उचलला, "यह ईरान से आया है?"

"चिपळूणहून," अनुसयाबाई म्हणाल्या. अहो, आता खोटं बोलून काय उपयोग?

साहेबांनी पिल्लाचा पाय निरखला. काळसरपणा हळूहळू उतरत होता. बोटं हलली. त्यांनी ते दोनदा पाहिलं, मग पूर्वाकडे वळले. पूर्वाने डोळे मिटून घेतले. आता ऐकायला मिळणार!

"दूसरा पैर ठीक है. कड़ा निकालो. आज यह तैयार है."

पूर्वाने पिशवीतून कडं काढलं, नंबर मोठ्याने वाचला, पक्कड दाबली. हात तसूभर हलला नाही. धाकट्याला घरट्यात ठेवून ती उतरली, तेव्हा साहेब म्हणाले, "अगली बार मैं नहीं आऊँगा. तुम अकेली करोगी. जिसने गड़बड़ की, वह पकड़ी गई. खलास. बस, सीढ़ी पर ताला लगाओ."

पूर्वा रडली, हसली, पुन्हा रडली. अनुसयाबाईंनी लाटणं उचललं, पदराला पुसलं आणि आत जाऊन नारळाच्या वड्या काढल्या. सकाळीच केल्या होत्या. साहेबांचं तोंड गोड केलं तर चोरी खपेल, असा त्यांचा हिशेब होता.

वड्यांची ताटली घेऊन पूर्वा फिरली. साहेबांना दिली. देवानंदला दिली. भिंतीवरून हात लांबवून हवाबीलाही दिली. अनुसयाबाईंनी तळहात पुढे केला. पूर्वा समोर आली, क्षणभर थांबली आणि ताटली तशीच पुढे घेऊन गेली!

"ह्यांना राहू दे," ती गंभीरपणे म्हणाली. "अजून तयार नाहीत."

हवाबी भिंतीमागे कोसळली असावी, धप्प असा आवाज आला. साहेब दाढीत हसले. अनुसयाबाईंचा हात पुढचा पुढेच. मग त्यांनी कंबरेला पदर खोचला आणि निकाल दिला:

"पूर्वा, हात तुझा सोन्याचा आहे गो, हे मी आज चारचौघांत सांगते. पण वाढायची अक्कल तुला ना पाखरांत आली, ना माणसांत! आण ती ताटली इकडे, आणि दोन वाढ. एक माझी, एक त्या धाकट्याची!"