तुवालूचा डोंगर

रविवारी दुपारी विभावरी, रुपेश आणि त्यांची मुलगी तनया फिरून घरी आले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, निळ्या ट्रेमध्ये, तुवालू देश तयार होता. त्याच्या मधोमध एक डोंगर होता. पंचाईत नेमकी तिथेच होती.

तनया जर्मनीत, डार्मश्टाटच्या शाळेत चौथीत होती. सोमवारी पहिल्याच तासाला तिचं रेफेराट होतं, म्हणजे वर्गापुढे उभं राहून एका देशाची माहिती सांगायची. तिच्या चिठ्ठीत तुवालू निघालं. तिचा मार्क दोन आणि तीनच्या मध्ये लोंबकळत होता (इथे आकडा जितका लहान तितका मार्क चांगला), आणि गिम्नाझियमची, म्हणजे हुशार मुलांच्या पुढच्या शाळेची, शिफारस त्याच मार्कावर अडली होती. भाषण पाठ होतं, राहिली होती प्रतिकृती. तीन महिन्यांसाठी आलेले तिचे आजोबा, दीनानाथ, म्हणाले होते, "ते माझ्यावर सोडा. साताऱ्यात चाळीस दिवाळ्या किल्ले केलेत मी." आणि सगळे निर्धास्त फिरायला गेले होते.

"बाबा," विभावरी शांतपणे म्हणाली, "तुवालूत डोंगर नाहीये."

"नाही कसा? कुठेतरी असेलच."

"अख्ख्या देशातली सगळ्यात उंच जागा पाच मीटरसुद्धा नाही. आपण आत्ता दुसऱ्या मजल्यावर त्याच्यापेक्षा उंच उभे आहोत." ती प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे तिनं मनातल्या मनात प्रमाणही काढलं. "या ट्रेवर ती उंची कागदाच्या जाडीपेक्षा कमी भरेल."

दीनानाथांनी डोंगराकडे पाहिलं. त्यावर बुरूज होता, आणि फ्रिजमधल्या क्रेसच्या, म्हणजे अळिवाच्या पाल्याच्या, दोन डब्या कापून लावलेली हिरवळ होती. "कागदाएवढा देश? मग पाणी कुठून आणतात ती माणसं?"

"पावसाचं साठवतात. आणि खड्डे खणतात. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तिथवर जाऊन त्यात अळूसारखे कंद लावतात."

"डोंगर नाही म्हणून खाली गेले!" दीनानाथांच्या आवाजात आदर होता. "शाबास!"

"आजोबा, das ist falsch! चूक आहे हे!" तनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमच्या बाई, फ्राउ बेकर, मला तीन देणार!"

"रडू नकोस, राणी. आत्ता कापून टाकतो." त्यांनी सुरी लावली. सुरी वाकली.

रुपेशनं डोंगरावर टिचकी मारली. टणक आवाज आला. "बाबा, माती कुठून आणलीत?"

"तळघरात पांढऱ्या मातीची पिशवी होती की."

"ते जिप्स आहे, प्लास्टर! भाड्याचं घर सोडताना भिंतीची भोकं बुजवायचं!"

"तरीच पटकन बसलं," दीनानाथ कौतुकानं म्हणाले.

रुपेश हातोडी घेऊन आला. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लोरेन्झ दारात उभ्या होत्या.

"आज रविवार आहे," एवढंच त्या म्हणाल्या. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नसतो, त्यामुळे एवढं पुरतं.

"हो, हो, माफ करा," रुपेशनं हातोडी पाठीमागे लपवली. त्या गेल्या. ठोकणं बंद. "हातानं उपटू या. पण आत काय भरलंय, बाबा? पोकळ वाजतंय."

दीनानाथांनी बुरुजावरून बोट फिरवलं. "किल्ल्याला आतून आधार लागतो. आपल्याकडे विटा असतात. इथे विटा कुठे? दाराशी एक गोल काळं टोपलं दिसलं, भोकाभोकांचं..."

रुपेश दाराशी धावला. खुंटी रिकामी होती. "माझं सायकलचं हेल्मेट! उद्या ऑफिसला कसा जाऊ?"

"तुझं नंतर बघू," विभावरी म्हणाली. "आधी हिचं."

रुपेशनं ट्रे धरला, दीनानाथांनी डोंगर. दोघांनी दात-ओठ खाऊन ओढलं. कट्‌ असा आवाज झाला आणि डोंगर हेल्मेटसकट अख्खा सुटून आजोबांच्या हातात आला. ट्रेवर उरलं एक बारीक, वेडंवाकडं, इथे-तिथे तुटलेलं कडं. काठावर चार-दोन हिरवी पानं. मध्ये ट्रेचा निळा रंग.

"गेलं सगळं," दीनानाथ पुटपुटले.

विभावरी मात्र वाकून बघत राहिली. मग ती हसायला लागली. "बाबा, डोंगर होता."

"हो ना. मीच केला होता."

"नाही, तिथे होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून ज्वालामुखी वर आला. त्याच्या कडेनं पोवळी वाढली. डोंगर हळूहळू खचत पाण्याखाली गेला. पोवळी वर चढत राहिली आणि कडं तेवढं उरलं. त्या कड्यावर माणसं राहतात. एका बाजूला महासागर, दुसऱ्या बाजूला सरोवर, मध्ये रस्ता."

"आणि विमानतळ!" तनयानं नाक पुसलं. "धावपट्टीवर मुलं फुटबॉल खेळतात. भोंगा वाजला की सगळे बाजूला. विमान उतरतं. मग परत फुटबॉल!"

"एवढ्याशा जागेत एवढं सगळं," दीनानाथ म्हणाले. त्यांनी डोंगर अलगद पुन्हा कड्यात ठेवला. तो अचूक बसला. तनयानं तो उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "कोट्यवधी वर्षं," ती हळूच म्हणाली आणि भाषणाचा कागद शोधायला पळाली.

"माझं हेल्मेट..." रुपेश म्हणाला.

"ट्रामनं जा," तिघंही एकदम म्हणाले.

सोमवारी दुपारी तनया जिना चढतानाच ओरडत आली, "एक! मला एक मिळाला!" इथे एक म्हणजे सगळ्यात वरचा मार्क. डोंगर वर्गाच्या कपाटात ठेवून घेतला होता. शिवाय फ्राउ बेकरनी चिठ्ठी दिली होती: पुढच्या आठवड्यात आजोबांनी वर्गात येऊन सगळ्या मुलांना अशी बेटं करायला शिकवावीत.

विभावरीनं चिठ्ठी मराठीत वाचून दाखवली. दीनानाथांनी ती गंभीरपणे ऐकली, चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या वर्गात सायकलनं किती मुलं येतात गं?"