खुणेपर्यंत तेल

खोली भाड्यानं घ्यायला मी पिरंगुटला किसनतात्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी माझं गाव, पगार, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. अंगणातल्या पांढऱ्या अँबॅसिडरचं बॉनेट उघडलं, इंजिनावरच्या काळ्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बिडी-सिगरेट वढता का?"

मी नाही म्हटलं.

"मग या ऱ्हायाला. गाडी तुमच्या खिडकीखाली आसती. तिच्या नाकात धूर जाया नको."

नाक म्हणजे एअर फिल्टर. तात्या माणसंही त्यावरच तोलतात. कुणी आळशी निघाला की "फिल्टर तुंबलाय त्याचा." थोरला जावई फार बोलायला लागला की "ह्याला फिल्टरच बसवला न्हाई."

दर शनिवारी तो डबा उघडतो. तळाशी तेलाची वाटी असते. आत येणारी हवा तेलावर आपटते, धूळ तिथंच बसते आणि उरलीसुरली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. जाळी डिझेलमध्ये धुऊन तात्या ती साड्यांशेजारी दोरीवर टांगतात, आणि हिराकाकू मुकाट्यानं साड्या काढून नेतात. मग वाटीत नवं तेल, खुणेपर्यंत. "कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर तेल आत." या कामाला ते कुणाला हात लावू देत नसत. चाळीस वर्षं संसार केलेल्या काकूंनाही नाही.

यंदा जुन्या गाड्यांची फेरी पुण्याहून लवासाला निघायची होती. नाव नोंदवायला गेलो तिथं एका चकचकीत लाल गाडीचे मालक आमचा डबा बघून हसले. "काका, हे आता संग्रहालयात द्या. कागदी फिल्टर बसवा."

"डांबरी रस्त्याला कागुद बरा," तात्या म्हणाले. "घाटात काम चालू हाय, लई फुफाटा हाय. माझी गाडी वर जाईल म्हंजे जाईल."

हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. आता घाट चढणं हा इज्जतीचा प्रश्न झाला.

आदल्या संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर स्वयंपाक अर्धा टाकून काकू बॉनेटशी उभ्या, हातात तेलाचा डबा. "उद्या चढ हाय," त्या गाडीला हळूच म्हणाल्या, "पोटभर आसू दे." देवापुढची समईसुद्धा त्या काठोकाठ भरतात. चाळीस वर्षं हे बघणाऱ्या बाईला मी काय शिकवणार, म्हणून गप्प बसलो. माझीही अक्कल तेवढीच.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीमागं निळा धूर निघाला. तात्यांनी गाडी कडेला घेतली. नेमकी लाल गाडी शेजारी येऊन थांबली आणि काच खाली झाली.

तात्यांनी डबा खोलला. तेल खुणेच्या बोटभर वर होतं, आणि वाटीच्या बाहेरच्या अंगाला हळदीचा अंगठा स्वच्छ उमटला होता. मी पाहिला, तात्यांनीही पाहिला. मागच्या सीटवर काकू मांडीतल्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं आधी तो अंगठा पुसला. मग लाल गाडीकडे वळून म्हणाले, "माझ्याच हातनं जास्त पडलं. वय झालं आता."

फिल्टरच्या बाबतीत चुकलो असं तात्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

लाल गाडी हसत पुढं गेली. आम्ही जादा तेल बाटलीत काढलं, डबा बसवला आणि निघालो. धूर थांबला, इंजिन मोकळं झालं. चार वळणं पुढं लाल गाडी खोकत उभी होती आणि मालक कागदी फिल्टर दगडावर आपटत होते. तात्यांनी वेग जरासा कमी केला. "हळू झटका साहेब, फाटंल." मग जे निघाले ते थेट माथ्यावर. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूंनी सगळ्यांत जास्त.

पुढच्या शनिवारी तात्यांनी धुतलेल्या वाटीत लाल रंगाची जाड खूण केली. ती वाळल्यावर काकूंना हाक मारून तेलाचा डबा त्यांच्या हातात दिला.

"हितवर. वत."

काकूंनी एका हातानं वाटी धरली आणि बरोबर खुणेपर्यंत तेल ओतलं.

आता दर शनिवारी तेल काकूच घालतात. वाटीवर हळदीचा अंगठा उमटतो, आणि तात्या तो पुसत नाहीत.